लहान घरातला ईस्टर: अंड्यांच्या आधी अंधार

वसईच्या वाडीतलं मोठं घर सोडून आम्ही पुण्यात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आलो, त्या वर्षीचा ईस्टर मला नीट आठवतो. गावी सण आपोआप घडायचा. सासूबाई फुग्यांचं, म्हणजे तळलेल्या गोल पावांचं, पीठ भिजवायच्या, दीर झावळ्या आणायचे, मुलं दिवसभर चर्चच्या आवारात असायची. पुण्यात यातलं काही नव्हतं. मी बेकरीतून चॉकलेटची अंडी आणली आणि रविवारी सकाळी घरभर लपवली. नऊ वाजेपर्यंत ती शोधून, खाऊन संपलीसुद्धा. थोरलीनं विचारलं, "मम्मी, आता काय?" मला उत्तर सुचलं नाही.

त्यानंतरच्या वर्षांत हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. हा सण गुरुवारी संध्याकाळी सुरू होतो आणि शुक्रवार-शनिवारच्या शांततेतून रविवारपर्यंत पोचतो. मधले दिवस गाळले, तर रविवारच्या आनंदाला धरायला काहीच उरत नाही. चार वर्षांच्या मुलाला पुनरुत्थान, म्हणजे येशूचं मरणातून उठणं, शब्दांत समजावता येत नाही. पण अंधाऱ्या खोलीत पेटलेली एक मेणबत्ती त्याला बरोबर समजते. नुकतं लग्न झालेलं जोडपं, गावापासून लांब राहणारं कुटुंब, किंवा ज्यांच्यात एकजण ख्रिस्ती घरात वाढलेला नाही, अशांसाठी हे लिहिते आहे. आम्ही कॅथलिक आहोत, त्यामुळे विधींची नावं त्या वळणाची येतील.

तारीख आधी बघा

ईस्टर दर वर्षी हलतो. वसंतसंपातानंतरच्या, म्हणजे चर्चच्या गणितात 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा त्याचा नियम आहे. म्हणून तो 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या मधे कुठेही येऊ शकतो. ती पौर्णिमा कधी होळीची असते, कधी हनुमान जयंतीची. 2027 साली ईस्टर 28 मार्चला आहे, 2028 साली 16 एप्रिलला.

याचा व्यवहारातला अर्थ असा की सण बहुधा मुलांच्या वार्षिक परीक्षेच्या आगेमागे पडतो. गुड फ्रायडेची सुट्टी असते, पण ईस्टरनंतरच्या सोमवारी आपल्याकडे शाळा आणि ऑफिस दोन्ही चालू असतात. गावी जाऊन यायचं असेल, तर सोमवारची रजा महिनाभर आधी टाका. रात्री उशिरा झोपलेल्या मुलांना सोमवारी सकाळी सात वाजता शाळेत पाठवणं कुणालाच जमत नाही.

आधीचे चाळीस दिवस उपवासकाळाचे असतात. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावून तो सुरू होतो. चर्चच्या नियमाप्रमाणे मांसाहार टाळण्याचं बंधन 14 वर्षांपासून आणि उपासाचं 18 ते 59 या वयात असतं. म्हणजे लहान मुलांवर कुठलंच बंधन नाही, आणि त्यांना उपाशी ठेवूही नये. आमच्या घरी एक बरणी असते. आईस्क्रीम किंवा वडापाव टाळला, की त्याचे पैसे मुलं त्यात टाकतात आणि ईस्टरच्या आधी ते पैसे कुणाला द्यायचे हे मुलंच ठरवतात. शिवाय राखेच्या बुधवारी ती एका कागदावर मोठ्या अक्षरांत "आलेलुया", म्हणजे "देवाची स्तुती करा", असं लिहून रंगवतात आणि तो कागद डब्यात बंद करून कपाटावर ठेवतो. उपवासकाळात चर्चमध्ये हा शब्द गायला जात नाही. डबा कधी उघडणार, हे मुलं सहा आठवडे विचारत राहतात, आणि मला तेच हवं असतं.

परातीतली बाग

लेखातली एकच गोष्ट करायची असेल, तर ही करा.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या बरोबर आठवडाभर आधी, जुनी परात किंवा खोलगट ताट घ्या. त्यात चार बोटं माती पसरा. नारळाची अर्धी करवंटी एका बाजूला आडवी, तोंड समोर येईल अशी मातीत रुतवा. ही येशूची कबर. तिच्या तोंडावर बसेल असा गोल धोंडा मुलांनाच शोधायला लावा. आमच्या मुलांना तो सोसायटीच्या बांधकामाच्या वाळूत मिळाला होता. करवंटीमागे मातीचा उंचवटा करून त्यावर काड्यांचे तीन क्रूस रोवा. उरलेल्या मातीत रात्रभर भिजवलेले गहू दाट पेरा आणि वर मातीचा पातळ थर द्या. गव्हासोबत थोडे हळीव टाकले, तर दोन-तीन दिवसांतच काहीतरी उगवलेलं दिसतं आणि मुलांचा धीर टिकतो. पाणी ओतू नका, हातानं शिंपडा. परात खिडकीजवळ ठेवा, पण थेट दुपारच्या उन्हात नको; मार्च-एप्रिलमध्ये एवढी माती तासाभरात सुकते.

पेरताना गव्हाच्या दाण्याबद्दल येशू जे म्हणाला ते सांगा: दाणा मातीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. योहानाच्या शुभवर्तमानात बाराव्या अध्यायात ते आहे. मुलं दर सकाळी माती उकरून दाणा "मेला का" ते बघतात. बघू द्या. एकदोन दाणे वाया जातात, बाकीचे सोमवार-मंगळवारपर्यंत मोड काढतात आणि शनिवारी परात हिरवीगार असते.

त्याच रविवारी चर्चमधून आशीर्वादित झावळी घरी येते. ती क्रूसामागे खोचून ठेवायची, कचऱ्यात टाकायची नाही.

गुरुवार: पाट, तांब्या आणि पंचा

पवित्र गुरुवारी येशूनं शिष्यांचे पाय धुतले. संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, फादर हा विधी करतात. घरीही तो करता येतो आणि त्याला काहीच लागत नाही. पाट, घमेलं, तांब्याभर कोमट पाणी, स्वच्छ पंचा. आधी आईबाबांनी मुलांचे पाय धुवावेत, मग मुलांनी आईबाबांचे. आजी-आजोबा घरी असतील तर त्यांचे पाय सगळ्यात धाकट्याला धुऊ द्या. घरकामाला येणाऱ्या मावशींशी तसं नातं असेल, तर त्यांनाही बोलवा. आमच्या मावशी पहिल्या वर्षी "नको ताई" म्हणत मागे सरकल्या होत्या. दुसऱ्या वर्षी स्वतः पाटावर बसल्या आणि रडल्या. मीही रडले.

रात्रीचं जेवण साधं ठेवा: पाव, द्राक्षं, एखादी भाजी. एक पाव मोडून सगळ्यांनी वाटून खा. शेवटच्या भोजनाची नक्कल म्हणून ज्यू लोकांचा वल्हांडण सणाचा विधी घरी करून बघण्याची कल्पना काहींना सुचते. ती मला पटत नाही. वल्हांडण हा जिवंत समाजाचा जिवंत सण आहे. कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल कुटुंबांत तो आजही पाळला जातो. मुलांना त्याची गोष्ट जरूर सांगा, विधी त्यांच्याकडेच राहू द्या.

गुरुवारच्या मिस्सात गौरवगीत झालं की चर्चची घंटा शनिवार रात्रीपर्यंत वाजत नाही. घरीही तसंच करा. जेवणानंतर घरच्या वेदीवरचं, म्हणजे क्रूस ठेवलेल्या कोनाड्यातलं, कापड, फुलं, मेणबत्त्या काढून ठेवा, क्रूसावर जांभळं कापड घाला, टीव्ही बंद. वाजणारी खेळणीसुद्धा पेटीत. ही शांतता मुलांकडूनच करवून घ्या. "आपण घर झोपवतोय" असं सांगितलं, की ती उत्साहानं करतात.

शुक्रवार

हा दुःखाचा दिवस आहे, शुभेच्छांचा नाही. शेजारी प्रेमानं "हॅपी गुड फ्रायडे" म्हणतील, तेव्हा त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त करत बसू नका. "आज आमचा प्रार्थनेचा दिवस, रविवारी नक्की या" एवढं पुरतं. मराठी प्रोटेस्टंट कुटुंबं याला उत्तम शुक्रवार म्हणतात. त्यांच्याकडे दुपारी बारा ते तीन या वेळात येशूच्या क्रूसावरच्या सात उद्गारांवर उपासना असते. कॅथलिक चर्चमध्ये या दिवशी मिस्सा होत नाही. दुपारी तीनच्या सुमारास दुःखसहनाचं वाचन आणि क्रूसाचं वंदन होतं.

क्रूसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासातल्या प्रसंगांची, चौदा स्थानं लहान मुलांना झेपत नाहीत. घरी चार-पाच पुरेत: येशू क्रूस घेतो, आई भेटते, कुरेनेकर शिमोन मदत करतो, वेरोनिका तोंड पुसते, येशू मरतो. प्रत्येक स्थान वेगळ्या खोलीत किंवा जिन्याच्या वेगळ्या पायरीवर करा, म्हणजे चालणं होतं. मदत करणारी माणसं मुलांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहतात, म्हणून शिमोन आणि वेरोनिकापाशी जरा थांबा. येशूच्या मरणाचे रक्तबंबाळ सिनेमे दहा वर्षांच्या आतल्या मुलांना दाखवू नका, हे मी हात जोडून सांगते. भीती उरते आणि गोष्ट हरवते.

जेवायला आमच्याकडे पेज आणि लोणचं असतं. संध्याकाळी काडीची छोटी बाहुली पांढऱ्या चिंधीत गुंडाळून मुलं करवंटीत ठेवतात आणि धोंडा तोंडावर लावतात. त्यानंतर कुणी फार बोलत नाही. हे न सांगता होतं.

शनिवार: रंग, मेणबत्ती आणि रात्र

दिवसभर हात गुंतवायचे. आधी अंडी. पांढऱ्या सालीची अंडी घ्या. गावठी तपकिरी अंड्यांवर रंग नीट चढत नाही. दोन मुठी कांद्याची सालं दोन-तीन वाट्या पाण्यात वीस मिनिटं उकळून गाळा, चमचाभर व्हिनेगर घाला आणि त्याच पाण्यात अंडी दहा-बारा मिनिटं उकडा. विटकरी रंग येतो. दोन चमचे हळदीचा पिवळा, बिटाचा मळकट गुलाबी. जांभळ्या कोबीच्या गार झालेल्या पाण्यात व्हिनेगर घालून उकडलेली अंडी रात्रभर फ्रिजमध्ये बुडवली, तर चक्क निळी होतात. त्यासाठी कोबी शुक्रवारी रात्रीच उकळून ठेवा. उकडायच्या आधी अंड्यावर कोथिंबिरीचं पान चिकटवून मलमलच्या तुकड्यात घट्ट बांधलं, तर पानाचा ठसा उमटतो. हे काम मुलांना फार आवडतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात उकडलेली अंडी तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका. बाहेर राहिलेली शोभेपुरती, खायची वेगळी.

मुंबई-वसईकडे ईस्टरची खरी ओळख म्हणजे मार्झिपॅनची अंडी. बदामाऐवजी आपण काजू वापरतो. पाव किलो काजू मिक्सरमध्ये थांबत थांबत दळा, नाहीतर तेल सुटतं. 200 ग्रॅम पिठीसाखर, एका अंड्याचा पांढरा भाग आणि दोन चमचे गुलाबपाणी घालून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ढवळत राहा. मिश्रण कढईच्या कडा सोडून गोळा व्हायला लागलं, की उतरवा. कोमट असताना तुपाच्या हातानं मळा, साच्यात दाबा. अंड्याचे साचे क्रॉफर्ड मार्केटमधल्या केकसामानाच्या दुकानांत मिळतात. नाही मिळाले, तर दोन चमच्यांच्या मधे दाबूनही बरा आकार येतो.

दुपारी मुलांना झोपवा. नाही झोपली तरी आडवी करा, रात्र मोठी आहे.

मग घरची पास्का मेणबत्ती, म्हणजे ईस्टरची मोठी मेणबत्ती. दोन-तीन इंच जाडीची पांढरी मेणबत्ती आणा. रंगीत मेणखडूनं तिच्यावर उभा क्रूस, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीक लिपीतली पहिली आणि शेवटची अक्षरं) आणि क्रूसाच्या चार कोपऱ्यांत त्या वर्षाचे चार आकडे काढा. चर्चमधल्या मेणबत्तीवर येशूच्या पाच जखमांसाठी धूपाचे पाच दाणे खोचतात. घरी पाच लवंगा खोचा. लवंग दिसतेच खिळ्यासारखी. त्या वातीपासून बऱ्याच खाली हव्यात, नाहीतर ज्योत तिथवर आली की लवंग पेट घेते.

संध्याकाळी वेदीवर पांढरं कापड घाला. फुलं आपल्या ऋतूतली घ्या: मोगरा, सोनचाफा, अबोली. युरोपात बर्फ वितळून कोंब फुटतात, तेव्हा ईस्टर येतो, म्हणून तिथल्या चित्रांत ससे आणि थंडीतली फुलं असतात. आपल्याकडे या दिवसांत पांगारा आणि काटेसावर लाल होऊन गेलेली असते, कैऱ्या धरलेल्या असतात, दारात मोगरा घमघमतो. मुलांना तोच वसंत दाखवावा, असं मला मनापासून वाटतं.

रात्रीचा जागरणविधी अंधार पडल्यावरच सुरू होतो. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून पास्का मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या, आणि काळोखं चर्च हळूहळू उजळतं. जुन्या करारातली सात वाचनं पूर्ण घेतली, तर विधी अडीच-तीन तासांचा होतो. लहान मुलं असतील तर बाजूच्या दाराजवळ बसा, पाणी आणि पातळ चादर सोबत ठेवा. मुलींचे केस बांधा, ओढण्या आवरा; मेणबत्त्या धरलेल्या गर्दीत ओढणी पेटायला क्षण लागतो. मेण हातावर गळू नये म्हणून कागदी पेल्याच्या तळाला भोक पाडून त्यातून मेणबत्ती घाला. अग्नी आणि प्रकाश एवढं बघून घरी आलात, तरी कुणी काही म्हणणार नाही. तान्हं बाळ असेल तर रविवारी सकाळच्या मिस्साला जा.

चर्चला जाणं जमलं नाही, तर घरी हे करा. सगळे दिवे घालवा, फ्रिजवरचा छोटा दिवासुद्धा झाका. दोन मिनिटं अंधारात बसा. लहान मूल मांडीवर असू द्या. मग बाबांनी पास्का मेणबत्ती पेटवावी. तिच्यावरून प्रत्येकाची स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, मेणबत्ती लावा. ती बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या कप्प्यात खोक्यात पडून असते. स्नानसंस्काराच्या दिवशी ती चर्चच्या पास्का मेणबत्तीवरूनच पेटवली होती, हे मुलांना सांगा. "ख्रिस्ताचा प्रकाश", "देवाला धन्यवाद" असं म्हणत एकेका खोलीत जा आणि तिथला दिवा लावा. शेवटची खोली उजळली की क्रूसावरचं कापड काढा, कपाटावरचा डबा उघडा, आलेलुयाचा कागद भिंतीवर लावा आणि घरातली प्रत्येक वाजणारी गोष्ट वाजवा. घंटा, ताटली-चमचा, पेटीतली खेळणी. खालच्या मजल्यावरच्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा.

मुलं झोपल्यावर एक काम उरतं. परातीतला धोंडा बाजूला सरकवा. बाहुली काढून घ्या. चिंधी आत राहू द्या, आणि तिच्यातलाच एक तुकडा घडी करून वेगळा ठेवा. योहानानं लिहिलं आहे की येशूच्या डोक्याचा रुमाल वेगळा, गुंडाळून ठेवलेला होता. आजूबाजूला मोगऱ्याची चार फुलं.

रविवार

सकाळी मुलांना आधी परातीपाशी जाऊ द्या. काही बोलू नका. आमचा धाकटा तीन वर्षांचा असताना करवंटीत बोट घालून बराच वेळ चाचपत होता, मग ओरडला, "दीदी, तो नाहीये!" आणि तिला उठवायला पळाला. रिकामी कबर बघून येशूची शिष्या मग्दालिया मरिया अशीच पळाली होती, हे मी त्याला नंतर सांगितलं.

अहिल्यानगर, सोलापूर, पुणे इथल्या प्रोटेस्टंट मंडळींत सूर्योदयाची उपासना असते. तुमच्या जवळ असेल तर एकदा मुलांना घेऊन जा, कुठल्याही पंथाचे असलात तरी.

न्याहारीला आम्ही मासे करतो. पुनरुत्थानानंतर येशूनं किनाऱ्यावर कोळशाच्या विस्तवावर मासा आणि भाकर ठेवून थकलेल्या शिष्यांना "या, न्याहारी करा" म्हणून बोलावलं. जाळ्यात 153 मोठे मासे आले होते, हेही योहानानं मोजून लिहिलं आहे. समुद्रकाठच्या माणसांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तव्यावर तळलेले बांगडे किंवा बोंबील आणि तांदळाची भाकरी. मुलं कागदी मासे कापून दाराला लावतात. 153 होत नाहीत, पण तीसपर्यंत पोचतात.

अंडी शोधणं त्यानंतर. प्रत्येक मुलाचा रंग ठरवून द्या, म्हणजे मोठं मूल सगळी पळवत नाही. किती लपवली आणि कुठे, ते लिहून ठेवा. सोफ्यामागे राहिलेलं उकडलेलं अंडं तिसऱ्या दिवशी स्वतःच ओरडून सांगतं. मार्झिपॅन आणि चॉकलेट उघडं लपवलं की मुंग्या आधी पोचतात, तेव्हा छोट्या डब्यांत घाला. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला गोल, कडक, छोट्या गोळ्या येऊ देऊ नका, त्या घशात अडकतात.

दुपारी इंद्याल (व्हिनेगर घातलेलं तिखट मांस), पुलाव आणि फुगे. फुग्यांसाठी मैदा, अंडं, नारळाचं दूध आणि यीस्ट. पूर्वी यीस्टऐवजी ताडी घालत. पीठ सैलच हवं, चमच्यानं नाही तर मुठीतून अंगठ्याजवळ पिळून तेलात सोडायचं. पहिल्या खेपेला ते वेडेवाकडे होतात. गावी फोन लावून हात कसा धरायचा ते विचारा; माझ्या सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर तासभर शिकवलं, आणि त्यांचाही ईस्टर त्यानंच झाला.

शेजाऱ्यांकडे ताट पाठवा. दिवाळीत त्यांचा फराळ येतो, आता आपली पाळी. शाकाहारी घरांसाठी अंड्याशिवायचं मार्झिपॅन वेगळं करा: काजूकतलीसारखं एकतारी पाकात. त्यावर चिठ्ठी लावा, म्हणजे त्यांना विचारावं लागत नाही.

त्यानंतरचे पन्नास दिवस

ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्मा शिष्यांवर उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवस चालतो. 2027 साली तो 16 मेला संपेल. तोवर रात्रीच्या जेवणाला पाच मिनिटं पास्का मेणबत्ती लावा. कुणाचा वाढदिवस असेल किंवा कुणी आजारी असेल, तर जरा जास्त वेळ. परातीतली हिरवळ आठवड्यानं पिवळी पडते. ती मातीसकट कुंडीत पालथी करा, करवंटी आणि धोंडा धुऊन ठेवा. मुलं त्या धोंड्यावरून भांडतील, म्हणून त्याची जागा आधीच ठरवा. आमचा जुन्या बिस्किटांच्या डब्यात असतो, स्नानसंस्काराच्या मेणबत्त्यांशेजारी. क्रूसामागची झावळी मात्र तिथेच राहू द्या. पुढच्या राखेच्या बुधवाराच्या आधी ती चर्चमध्ये परत द्यायची असते. तिचीच राख होते.